वाढ आणि उत्सर्जनाची फारकत झाली का? आकडे स्वतः तपासायची रीत

‘या देशाची अर्थव्यवस्था वाढली, तरी उत्सर्जन घटलं’ हे वाक्य वाचून कोणी निर्धास्त होतं, तर कोणी ती थापच समजतं. दोन्ही घाईचं आहे. या वाक्यामागे पाच-सहा आकडे असतात. ते सगळे जाहीर असतात आणि स्प्रेडशीट हाताळता येत असेल तर कोणालाही ताडून बघता येतात. खालची रीत एका देशासाठी आहे. राज्याला किंवा शहरालाही ती लागू पडते, फक्त तिथे आकडे मिळवणं अवघड जातं. शेवटी हाती यायला हवी ती एक तुलना: उत्सर्जन वर्षाला किती टक्क्यांनी उतरतं आहे आणि किती टक्क्यांनी उतरायला हवं.

आकडे जमवताना

निदान पंधरा वर्षं घ्या. रकाने सहा: वर्ष, लोकसंख्या, जीडीपी, प्राथमिक ऊर्जेचा (म्हणजे वीज वगैरे बनवण्याआधीच्या मूळ स्वरूपातल्या ऊर्जेचा) वापर, देशाच्या हद्दीत झालेलं कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन, आणि उपभोगावर आधारित उत्सर्जन (आयात मालातलं मिळवून, निर्यातीतलं वजा करून). लोकसंख्या आणि जीडीपी जागतिक बँकेकडे मिळतात, ऊर्जा आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेकडे आणि दोन्ही उत्सर्जनं ग्लोबल कार्बन प्रोजेक्टकडे. एका रकान्यात दोन स्रोतांची ठिगळं लावू नका. जोडाच्या वर्षी व्याख्या बदलते आणि आलेखात खोटी पायरी उमटते. सगळे आकडे एकाच आवृत्तीतून उतरवून घ्या, कारण जुने आकडे मागाहून सुधारले जातात. चीनने २०१५ मध्ये कोळशाच्या वापराचे मागच्या अनेक वर्षांचे आकडे वाढवून दिले होते. तुमच्या तक्त्यात निम्मी वर्षं सुधारणेआधीची आणि निम्मी नंतरची असतील, तर उत्तर निरुपयोगी ठरतं.

जीडीपी स्थिर किमतींचाच, म्हणजे महागाई वजा केलेलाच हवा. चालू किमतींचा घेतलात आणि महागाई वर्षाला ६ टक्के असली, तर काहीही न बदलता कार्बन तीव्रता (जीडीपीच्या प्रत्येक रुपयामागचं उत्सर्जन) दर वर्षी जवळपास ६ टक्क्यांनी घटताना दिसेल. एकाच देशाचा कल बघायचा असेल तर त्याचं स्वतःचं चलन चालतं. दोन देशांची तुलना करायची असेल तर क्रयशक्ती समतेवर आधारित, म्हणजे देशोदेशींच्या किमतींतला फरक लक्षात घेतलेले डॉलर घ्या. बाजारातल्या विनिमय दराने गरीब देशांची अर्थव्यवस्था लहान आणि म्हणून तीव्रता फुगलेली दिसते.

जीडीपीतही हवा भरलेली असू शकते. आयर्लंडचा जीडीपी २०१५ या एका वर्षात सुमारे २५ टक्के वाढल्याची नोंद झाली. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली बौद्धिक संपदा कागदोपत्री तिथे हलवली होती. कारखाने, घरं, रस्ते होते तेवढेच राहिले. त्या वर्षी कार्बन तीव्रता धाडकन खाली आली, पण वातावरणाला त्याचा पत्ता नव्हता. असा देश तपासताना जीडीपीऐवजी सुधारित राष्ट्रीय उत्पन्न घ्या. आयर्लंडच्या सांख्यिकी खात्याने ते याच कारणासाठी काढायला सुरुवात केली.

उत्सर्जनाच्या रकान्यात सर्वांत जास्त होणारी चूक एककाची. काही तक्ते कार्बनच्या टनांत असतात, काही कार्बन डायऑक्साइडच्या. रूपांतराचा गुणक ४४ भागिले १२, म्हणजे ३.६७. जगाचं जीवाश्म इंधनांचं वार्षिक उत्सर्जन कार्बनमध्ये मोजलं तर सुमारे १० अब्ज टन, कार्बन डायऑक्साइडमध्ये सुमारे ३७ अब्ज टन. जगाच्या ओळीत यांपैकी कोणता आकडा आहे ते पाहिलं की एकक कळतं. आंतरराष्ट्रीय विमानं आणि जहाजांचं इंधन कोणत्याही देशाच्या अधिकृत बेरजेत धरलं जात नाही, ते वेगळं नोंदवतात. जंगलतोड आणि जमीनवापराचे आकडे वर्षागणिक फार उड्या मारतात. ते हवे असतील तर वेगळ्या रकान्यात ठेवा, मुख्य बेरजेत मिसळू नका.

चार तुकडे करा

जपानी ऊर्जा-अर्थतज्ज्ञ योइची काया यांनी मांडलेलं समीकरण इथे कामाला येतं:

उत्सर्जन = लोकसंख्या × दरडोई जीडीपी × (ऊर्जा ÷ जीडीपी) × (उत्सर्जन ÷ ऊर्जा)

तिसऱ्या तुकड्याला ऊर्जा तीव्रता म्हणतात, चौथा म्हणजे ऊर्जेतला कार्बन. पहिले दोन बहुधा वर जातात, उरलेल्या दोघांनी ती वाढ खाऊन टाकायची असते. एक काल्पनिक देश घेऊ. दहा वर्षांत त्याची लोकसंख्या ५ कोटींवरून ५.२५ कोटी झाली, जीडीपी १,००० अब्ज डॉलरवरून १,३०० अब्ज, ऊर्जा ६,००० पेटाज्यूलवरून (एक पेटाज्यूल म्हणजे दहा लाख गिगाज्यूल) ६,६०० आणि उत्सर्जन ४०० दशलक्ष टनांवरून ३८०. तुकडे असे निघतात:

लोकसंख्या: १.०५ पट
दरडोई जीडीपी: २०,००० वरून २४,७६२ डॉलर, १.२३८ पट
ऊर्जा तीव्रता: डॉलरमागे ६.० वरून ५.०८ मेगाज्यूल, ०.८४६ पट
ऊर्जेतला कार्बन: गिगाज्यूलमागे ६६.७ वरून ५७.६ किलो, ०.८६४ पट

चौघांचा गुणाकार ०.९५ यायलाच हवा, कारण ३८० भागिले ४०० तेवढंच होतं. तो आला नाही तर तक्त्यात कुठेतरी चूक आहे. पुढे जाऊ नका.

चौथा तुकडा एककं तपासायलाही उपयोगी पडतो. कोळसा जाळला की गिगाज्यूलमागे साधारण ९५ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, डिझेलचा ७४, पेट्रोलचा ६९, नैसर्गिक वायूचा ५६. मिश्रणाची सरासरी यांच्याच आसपास किंवा खाली असणार. तुमचं उत्तर ११० च्या वर गेलं तर एककात घोळ आहे. पंधरा-वीसच्या आत आलं, तर एकतर देशाची बहुतेक ऊर्जा जलविद्युत आणि अणुऊर्जेतून येते, किंवा तुम्ही कार्बनचे टन वापरले आहेत.

एक पथ्य इथेच. या समीकरणात फक्त ऊर्जेतून होणारं उत्सर्जन घाला. सिमेंट बनवताना चुनखडी भाजली की एक टन क्लिंकरमागे (सिमेंट ज्यापासून दळतात त्या भाजलेल्या खड्यांमागे) सुमारे अर्धा टन कार्बन डायऑक्साइड दगडातूनच बाहेर पडतो, इंधन कितीही स्वच्छ असलं तरी. तो चौथ्या तुकड्यात मिसळला तर इंधन मळकट झाल्याचा भास होतो. प्रक्रियेतलं उत्सर्जन बाजूला काढा आणि शेवटी मिळवा.

कोणत्या तुकड्याने किती टन वाचवले

पटींवरून टन कळत नाहीत. त्यासाठी लॉगरिदमिक सरासरीची पद्धत वापरा. ती काही शिल्लक न ठेवता पूर्ण वाटणी करते. आधी एक भार काढा: शेवटचं उत्सर्जन वजा पहिलं, भागिले त्या दोघांच्या नैसर्गिक लॉगमधला (स्प्रेडशीटमधलं LN फंक्शन) फरक. आपल्या उदाहरणात −२० भागिले −०.०५१३, म्हणजे सुमारे ३९०. आता प्रत्येक पटीचा नैसर्गिक लॉग घेऊन या भाराने गुणा.

लोकसंख्येने १९ दशलक्ष टन वाढवले, दरडोई उत्पन्नाने ८३. ऊर्जा तीव्रतेने ६५ वाचवले, स्वच्छ इंधनाने ५७. बेरीज −२०. वीस दशलक्ष टनांच्या घटीमागे १०२ आणि १२२ यांची ओढाताण चालली होती, हे या पायरीशिवाय दिसत नाही. वाढीचा जोर थोडा जरी चढला असता किंवा इंधनबदल थोडा जरी रेंगाळला असता, तरी उत्सर्जन वाढलं असतं.

या आकड्यांवरून ‘वाढ झालीच नसती तर ८३ दशलक्ष टन वाचले असते’ असं मात्र लिहू नका. चारही तुकडे एकमेकांत गुंतलेले असतात. नवी, काटकसरी यंत्रं घ्यायला पैसा वाढीतूनच येतो. उलट यंत्र काटकसरी झालं की ते चालवणं स्वस्त होतं आणि वापर वाढतो. इंग्रज अर्थतज्ज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ मध्येच वाफेच्या इंजिनांबाबत हे दाखवून दिलं होतं. वाटणी हिशोब सांगते, कारण सांगत नाही.

ऊर्जा मोजण्यातला सापळा

अनुभवी माणसंही इथे फसतात, म्हणून जरा थांबू. कोळशाची ऊर्जा मोजताना भट्टीत गेलेली उष्णता मोजतात. वीज तिच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडीच जास्त मिळते. सौर आणि पवनऊर्जेत मात्र बाहेर आलेली वीजच प्राथमिक ऊर्जा धरतात. एक टेरावॉट-तास (एक अब्ज युनिट) वीज म्हणजे ३.६ पेटाज्यूल. तीच वीज ३६ टक्के कार्यक्षमतेच्या कोळसा केंद्रातून आली तर तक्त्यात १० पेटाज्यूल दिसतात, सौर पॅनेलवरून आली तर ३.६. कोळसा बंद करून सौरऊर्जा आणली की ६.४ पेटाज्यूल ‘वाचतात’. फायदा स्वच्छ इंधनाच्या खात्यात जायचा, त्याचा मोठा हिस्सा ऊर्जा तीव्रतेच्या खात्यात जातो. मग कोणी म्हणतं, देश काटकसरीने वागायला लागला. तसं काही झालेलं नसतं.

अणुऊर्जेला याच पद्धतीत ३३ टक्के कार्यक्षमता धरून मोजतात, म्हणजे एका टेरावॉट-तासाला १०.९ पेटाज्यूल. अणुकेंद्र बंद करून तेवढीच वीज पवनचक्क्यांतून घेतली तर उत्सर्जनात फरक शून्य, पण कागदावर ऊर्जा तीव्रता घटते आणि ऊर्जेतला कार्बन वाढतो.

यावर उपाय दोन. एक, सौर, पवन आणि जलविद्युतही औष्णिक केंद्राच्या समतुल्य मोजा, म्हणजे ३.६ ला साधारण ०.४ ने भागून ९ पेटाज्यूल धरा. दोन, प्राथमिक ऊर्जेऐवजी ग्राहकापर्यंत पोचलेली अंतिम ऊर्जा घ्या. दुसरा उपाय जास्त चोख, पण मग वीजकेंद्रांची सुधारणा चौथ्या तुकड्यात जाते, हे लक्षात ठेवा. कोणतीही पद्धत घ्या, सगळ्या वर्षांना तीच लावा आणि कोणती घेतली ते लिहा. एकूण उत्सर्जनाचा आकडा कोणत्याच पद्धतीने बदलत नाही, बदलते ती श्रेयाची वाटणी.

फारकतीचं नाव ठरवा, पण जपून

उत्सर्जनातल्या टक्केवारीच्या बदलाला जीडीपीतल्या टक्केवारीच्या बदलाने भागा. फिनलंडचे संशोधक पेत्री तापिओ यांनी २००५ मध्ये दिलेल्या मर्यादा आजही सर्वत्र वापरतात. जीडीपी वाढत असताना उत्तर शून्याखाली असेल तर ठाम फारकत, ० ते ०.८ असेल तर कमकुवत, ०.८ ते १.२ म्हणजे दोघं जोडीनेच चालले आहेत, आणि १.२ च्या वर म्हणजे उत्सर्जन वाढीच्याही पुढे धावतं आहे. आपल्या उदाहरणातल्या देशाचं उत्तर −५ भागिले ३०, म्हणजे −०.१७. ठाम फारकत.

जीडीपीच्या बदलाचं चिन्ह आधी बघा. जीडीपी ३ टक्क्यांनी घटला आणि उत्सर्जन २ टक्क्यांनी वाढलं तरी भागाकार ऋण येतो, −०.६७. नुसत्या सूत्रावर विसंबलं तर सर्वांत वाईट अवस्थेला सर्वांत चांगलं नाव मिळतं. जीडीपी जेमतेम हलला असेल तर छेद शून्याजवळ जातो आणि उत्तर −१५ किंवा +२० असं काहीही येतं. अशा वर्षांसाठी हे गणित करूच नका. एका वर्षाच्या बदलावर तर कधीच करू नका. पाच ते दहा वर्षांचा टप्पा हवा.

सुरुवातीचं आणि शेवटचं वर्ष

जगाचं उत्सर्जन २०२० मध्ये सुमारे ५ टक्क्यांनी पडलं आणि २०२१ मध्ये जवळजवळ पूर्ण भरून निघालं. २००९ च्या मंदीनंतर २०१० मध्येही अशीच जोरदार उसळी आली. शेवटचं वर्ष २०२० धरलं तर बहुतेक देश चांगले दिसतात.

याहून मोठी फसगत १९९० ची. आंतरराष्ट्रीय करारांत तेच पायाभूत वर्ष असल्यामुळे सगळे तिथून मोजतात. सोव्हिएत संघ कोसळल्यावर १९९० च्या दशकात रशियाचं उत्सर्जन एक तृतीयांशाहून जास्त घसरलं, कारण उद्योगच बंद पडले. पुढे अर्थव्यवस्था सावरली. त्यामुळे १९९० पासून मोजलं तर ठाम फारकत दिसते, १९९८ पासून मोजलं तर उत्सर्जनही वाढलेलं दिसतं. जर्मनीच्या घटीतही पूर्वेकडचे जुने कारखाने बंद पडल्याचा वाटा आहे.

म्हणून दोन टोकं जोडण्याऐवजी प्रत्येक वर्षाच्या उत्सर्जनाचा नैसर्गिक लॉग घ्या आणि स्प्रेडशीटमधल्या ‘स्लोप’ फंक्शनने वर्षांवर त्याचा उतार काढा. उत्तराला १०० ने गुणलं की वार्षिक टक्केवारी मिळते. मग पहिलं वर्ष दोन-तीन वर्षांनी मागेपुढे करून पाहा. उताराचं चिन्ह बदललं, तर फारकतीचा दावा सोडून द्या.

सीमेपलीकडचा धूर

देशाच्या हद्दीतलं उत्सर्जन घटलं, पण पोलाद, सिमेंट, रसायनं आता बाहेरून येत असतील तर धुराचा फक्त पत्ता बदलला. उपभोगावर आधारित उत्सर्जनात आयात मालातला कार्बन मिळवतात आणि निर्यातीतला वजा करतात. आपल्या उदाहरणातल्या देशाची मालातून होणारी कार्बन डायऑक्साइडची निव्वळ आयात सुरुवातीला २० दशलक्ष टन आणि शेवटी ६० असेल, तर उपभोगाचं उत्सर्जन ४२० वरून ४४० झालं. ४.८ भागिले ३०, म्हणजे ०.१६. ठाम फारकत एका फटक्यात कमकुवत झाली.

हे आकडे उद्योगांमधल्या देवघेवीच्या मोठ्या तक्त्यांवरून काढतात. ते एक-दोन वर्षं उशिरा येतात आणि हद्दीतल्या आकड्यांपेक्षा कमी अचूक असतात. त्यामुळे एक-दोन टक्क्यांच्या फरकावर वाद घालू नका, दहा वर्षांचा कल बघा. सगळ्याच श्रीमंत देशांची घट आयातीमुळे आहे, हाही समज चुकीचा. ब्रिटनमध्ये १९९० पासून अर्थव्यवस्था सुमारे ८० टक्के वाढली आणि हद्दीतलं उत्सर्जन निम्म्यावर आलं. उपभोगाचं उत्सर्जनही घटलं, फक्त कमी प्रमाणात.

घट कुठून आली ते शोधा

वीज, उद्योग, वाहतूक आणि इमारती असे चार भाग पाडा. बहुतेक देशांत घट विजेत असते. ब्रिटनमध्ये २०१२ ला सुमारे ४० टक्के वीज कोळशाची होती. रॅटक्लिफ हे शेवटचं कोळसा केंद्र ३० सप्टेंबर २०२४ ला बंद झालं. ही कमाई मोठी आहे, पण कोळसा एकदाच बंद करता येतो. पुढची घट गाड्या, घरांची उष्णता आणि पोलादातून काढावी लागते, आणि तिथे वेग बराच कमी असतो. मागच्या दहा वर्षांचा उतार तसाच पुढे ओढणाऱ्या अंदाजांत हमखास हीच चूक असते.

कोळशाकडून वायूकडे गेलेल्या देशाबाबत आणखी एक तपासणी करा. ३६ टक्के कार्यक्षमतेच्या कोळसा केंद्रातून एका युनिटमागे सुमारे ०.९५ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, ५५ टक्क्यांच्या वायुकेंद्रातून ०.३७. पण विहिरी आणि नळांतून गळणारा मिथेन या रकान्यात येतच नाही. शंभर वर्षांच्या हिशोबाने एक टन मिथेन जवळपास ३० टन कार्बन डायऑक्साइडइतका हवा तापवतो, वीस वर्षांच्या हिशोबाने ८० टनांहून जास्त. सर्व हरितगृह वायूंचा तक्ता मिळत असेल तर दोन्ही आलेख शेजारी ठेवा.

वेग पुरेसा आहे का

आपल्या उदाहरणातल्या देशाचं उत्सर्जन वर्षाला ०.५ टक्क्यांनी उतरतं आहे. पुढच्या दहा वर्षांत ते निम्म्यावर आणायचं असेल तर वर्षाला ६.७ टक्के घट हवी. अर्थव्यवस्था आधीसारखीच २.७ टक्क्यांनी वाढणार असेल, तर जीडीपीच्या प्रत्येक डॉलरमागचं उत्सर्जन वर्षाला ९.१ टक्क्यांनी उतरायला हवं. आजवर ते ३.१ टक्क्यांनी उतरत आलं आहे, म्हणजे वेग जवळजवळ तिप्पट करायचा आहे.

हवामानाला वार्षिक दर नव्हे, एकूण साठा भिडतो, म्हणून बेरीजही करा. ३८० दशलक्ष टनांवरून ०.५ टक्के दराने दहा वर्षांत सुमारे ३,७०० दशलक्ष टन हवेत जातील, ६.७ टक्के दराने सुमारे २,६५०. दोन्ही वाटा ‘ठाम फारकत’ याच नावाखाली येतात. जगाच्या पातळीवर आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलावरच्या शास्त्रीय समितीच्या) सहाव्या अहवालानुसार, तापमानवाढ १.५ अंशांवर रोखण्याची ५० टक्के शक्यता राखायची तर २०२० च्या सुरुवातीपासून ५०० अब्ज टन कार्बन डायऑक्साइड सोडायला शिल्लक होता, आणि जमीनवापर धरून वर्षाला सुमारे ४० अब्ज टन जातात.

तीव्रतेच्या उद्दिष्टांनाही हाच हिशोब लावा. चीनने २०२० मध्ये जाहीर केलं की २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत जीडीपीमागचं उत्सर्जन ६५ टक्क्यांहून जास्त घटवू. ६५ टक्के घट म्हणजे ०.३५ पट. १ भागिले ०.३५ म्हणजे २.८६, जीडीपी याहून जास्त पटींनी वाढला, तर उद्दिष्ट काटेकोर पाळूनही उत्सर्जन २००५ च्या वरच राहू शकतं. अशा उद्दिष्टाशेजारी अपेक्षित वाढीचा दर लिहून गुणाकार केल्याशिवाय त्यावर मत देऊ नका.

निष्कर्ष लिहिताना

एका वाक्यात या गोष्टी आल्या पाहिजेत: कोणती वर्षं, कोणता वायू, हद्दीतलं की उपभोगाचं, वार्षिक दर किती आणि हवा तो दर किती. आपल्या उदाहरणातल्या देशासाठी ते असं होईल: ‘दहा वर्षांत ऊर्जेतलं कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन हद्दीत वर्षाला ०.५ टक्क्यांनी घटलं, उपभोगात ०.५ टक्क्यांनी वाढलं. दशकात निम्मं करायला ६.७ टक्क्यांची घट लागेल.’ त्याखाली चार तुकड्यांचे टन आणि ऊर्जा मोजायची पद्धत द्या, आणि तक्ता सोबत जोडा, म्हणजे दुसऱ्या कोणालाही पहिलं वर्ष बदलून तेच गणित पुन्हा करता येईल.